ओल्या खोबऱ्याची चटणी आघाडीवर पोचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला युद्धकाळातल्या प्रेमपत्रांवरचा लेख वाचला. जवानांची पत्रं छापलीत, त्याबद्दल आभार. पण ‘पत्नी शिकलेली नसल्याने तिच्या बाजूने काही उरलेले नाही’ या वाक्यानं डोकं फिरलं. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत घराघरांतून माणसं पलटणीत गेली. त्यांच्या बायका मुक्या होत्या असं लेखकाला वाटतं काय?

माझे वडील १९७१ च्या युद्धात जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, पूर्व आघाडीवर होते. आईला अक्षर येत नव्हतं. आजोबा सोप्यात बसून मजकूर सांगायचे, शेजारची शाळकरी पोर लिहायची. सासऱ्यासमोर नवऱ्याला काय कळवणार ती? ‘इकडील सर्व क्षेम’ यापुढं पत्र जायचं नाही. वडिलांचं पत्रही ‘ती. बाबांस’ म्हणूनच यायचं आणि चारचौघांत वाचलं जायचं. आईला जे सांगायचं होतं ते तिनं चटणीच्या डब्यातून सांगितलं. वडिलांना तिखट सोसत नाही म्हणून संकेश्वरी मिरची कमी, ब्याडगी जास्त. कांदा उन्हात कडकडीत वाळवलेला, खोबरं सुकं आणि खरपूस भाजलेलं. डंकावरनं कुटून आणलेली चटणी डालड्याच्या डब्यात दाबून भरायची, झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची, वरून मांजरपाट दाभणानं शिवायचं. पत्त्यात वडिलांचा नंबर, नाव, पलटण आणि ९९ ए.पी.ओ., म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर. गावाचं नाव नाही. डबा कुठं चाललाय हे तिला कधीच माहीत नसायचं.

वडिलांची पलटण जिथं लढत होती ते पूर्व पाकिस्तानातलं (आताच्या बांगलादेशातलं) जमालपूर ११ डिसेंबरला पडलं. वडिलांचं पत्र आलं जानेवारीत. सगळ्यांची खुशाली, बैलांची चौकशी, आणि शेवटी, ‘दिवाळीचा डबा पोचला. चटणी तळापर्यंत चांगली राहिली. तिखट बेताचं होतं.’ ही ओळ आजोबांसाठी नव्हती. आईनं त्या पोरीला परड्यात बोलावून तेवढंच पुन्हा वाचून घेतलं. हा पत्रव्यवहार नव्हे तर काय?

आणि लेखासोबतच्या चौकटीत तुम्ही ‘जवानांची आवडती कांदा-लसूण चटणी’ म्हणून कृती दिलीत, त्यात ओलं खोबरं! वर ‘फ्रिजमध्ये ठेवावी’ ही सूचना. ओल्या खोबऱ्याची चटणी दुसऱ्या दिवशी आंबते. आघाडीवरच्या पार्सलला आठवडेच्या आठवडे लागायचे. लिहिणाऱ्यानं कोल्हापुरातल्या एका तरी घरात विचारायला हवं होतं. कृपया दुरुस्ती छापावी.

जाता जाता आणखी एक. वडिलांची ही पत्रं एका प्रदर्शनासाठी आमच्याकडून मागून नेली, ती अजून परत आलेली नाहीत. फोन केला की ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. आई आता थकली आहे, ती पत्रं कुठं आहेत म्हणून विचारत असते. तुमच्या लेखाखाली ‘जुनी पत्रे पाठवा’ असं आवाहन आहे. वाचकांनी झेरॉक्स द्याव्यात, मूळ पत्रं कुणाच्याही हाती देऊ नयेत.

आपला,
एका माजी सैनिकाचा मुलगा
राजारामपुरी, कोल्हापूर