अर्जावर पहिली सही माझी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परदेशात जाऊन स्थायिक होणाऱ्यांबद्दल तुमच्याकडे पत्रं येतायत, त्यातली बरीचशी 'बाहेरच्यांनी तिकडची शहरं बिघडवली' अशी आहेत. मागच्या वर्षी मीही हेच लिहिलं असतं. यंदा एप्रिल ते जून मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहून आलो, आणि आता ते माझ्या हातून लिहून होणार नाही.

जायच्या आधी माझी समजूत अशी की इंग्लंड म्हणजे गोरे लोक, आणि आपली माणसं तिकडे कुठेतरी कोपऱ्यात आपापली राहतात. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये ४३ टक्के लोक आशियाई निघाले हे मुलाने सांगितलं होतं, पण आकडा ऐकून काय कळतं. पहिल्याच दिवशी बेलग्रेव्ह रोडला गेलो तर साड्या, सोनं, फरसाण, मुखवास, अगदी आपल्या बडोद्याच्या मांडवी बाजारात उभा आहे असंच वाटलं. एका फरसाणवाल्याकडे गल्ल्यावर पासष्टीच्या बाई बसल्या होत्या, मी सवयीने गुजरातीत भाव विचारला तशा त्या म्हणाल्या, वडोदराना छो? मग पाऊण तास उठू दिलं नाही.

त्यांच्या वडिलांचं युगांडात जिंजाला कापडाचं दुकान होतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा या बारा वर्षांच्या. आणि त्याच वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या पेपरात चक्क जाहिरात दिली की घरं, शाळा, दवाखाने सगळ्यावर ताण आहे, तुमच्या आणि कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. वडिलांनी ती वाचली आणि म्हणाले, एवढं बजावून सांगतायत म्हणजे तिथे आपली माणसं असणारच, चला! बाई हे सांगताना हसत होत्या, पण निर्वासितांच्या छावणीत मिळालेल्या कोणाच्यातरी जुन्या कोटाचं सांगताना बाह्या कुठपर्यंत यायच्या ते बोटांच्या टोकाच्याही खाली हात नेऊन दाखवलं आणि मग थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये तिथेच हिंदू आणि मुसलमान पोरांची रस्त्यावर भांडणं झाली. मुलाच्या शेजारी एक इंग्रज आजोबा आहेत, मोज्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, ते मला सरळ म्हणाले की ही माणसं आली तेव्हा मला आवडलं नव्हतं, माझी गल्ली मला ओळखू येईना. हे सांगत होते तेव्हा त्यांच्या हातात समोरच्या पटेलांकडून आलेला थेपल्यांचा डबा होता, रिकामा, परत द्यायला निघाले होते. मला त्या माणसाचा राग आला नाही. कारण 'आपली गल्ली ओळखू येत नाही' हे वाक्य, शब्दाला शब्द, मी इथे आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो होतो.

झालं असं की आमच्याकडे एका फ्लॅटमध्ये ओडिशाची चार मुलं भाड्याने राहत होती, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला. त्रास म्हणाल तर रात्रपाळीहून आली की जिन्यात बुटांचा आवाज आणि सुक्या मासळीचा वास, बस. बाहेरच्यांना भाड्याने देऊ नये असा नियम करा म्हणून अर्ज निघाला, त्याच्यावर पहिली सही माझी, आणि तसा नियम झालाही. मुलं मे महिन्यात गेली, मी तेव्हा लेस्टरला त्या बाईंच्या दुकानात चहा पीत होतो.

आणि हे करणारा मी कोण, तर पणजोबा साताऱ्याहून सयाजीरावांच्या नोकरीत आलेले. खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले. आपण बडोद्याचे मराठी लोक इथे आलो तेव्हा गुजराती शेजाऱ्यांना आपल्या ठेच्याचा ठसका लागला नसेल? आज आपल्या आमटीत गूळ जरा जास्तच पडतो आणि घरातली पोरं निम्मं गुजराती बोलतात, कोणाचं काय बिघडलं?

मी रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जातो. महाराजांच्याच स्कॉलरशिपवर अमेरिकेत कोलंबियाला शिकून १९१७ मध्ये डॉक्टर आंबेडकर नोकरीसाठी इथे आले, अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना कोणी राहायला खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते याच बागेत बसून राहिले. ही गोष्ट मला शाळेपासून माहीत आहे. अर्जावर सही करताना ती आठवली नाही, याचं फार वाईट वाटतं.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. माझी सही मागे घेतो असं लिहून दिलंय आणि तो नियमच काढा असंही मांडणार आहे, बाकीचे काय म्हणतील ते म्हणोत. फ्लॅट अजून बंदच आहे. त्या मुलांपैकी एकाचा नंबर वॉचमनकडे मिळाला, काल दोनदा लावला पण उचलला नाही, रात्रपाळी असेल, उद्या दुपारी परत लावतो.

आपला,
एक जुना वाचक, कारेलीबाग, वडोदरा