सोन्याचा मोबाईल आणि कपाटाची किल्ली

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज आधी भांडी लावता लावता ऐकला आणि मग रात्री परत एकदा नीट बसून ऐकला. म्हणजे पाळक साहेबांनी रविवारच्या संदेशात मोबाईल आणि मालिका म्हणजे सैतानाने घरात ठेवलेला पाहुणा असं काहीतरी म्हटलं, त्याच दुपारी दाजींनी तुझ्या सोन्याचा मोबाईल कपाटात टाकून कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि तेव्हापासून पोरगं खाली मान घालून जेवतं आणि उठून जातं. वर तू विचारतेस की तुमच्या तिकडे अमेरिकेत एवढी चर्चं, एवढे विश्वासी लोक, ते पोरांचं काय करतात गं? फोनवर हे सांगून होत नाही, तुझी सकाळ ती माझी रात्र, त्यात मधेच आई फोन ओढून घेते आणि काय जेवलीस विचारते, म्हणून लिहायलाच बसले.

तर ऐक. इथल्या लोकांनी या बाबतीत करायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. १९३४ साली इथल्या कॅथलिक मंडळींनी लिजन ऑफ डिसेन्सी म्हणून चळवळ काढली, लोक चर्चमध्ये उभे राहून शपथ घ्यायचे की आम्ही वाईट सिनेमे बघणार नाही, आणि सिनेमांची यादी निघायची, त्यात सगळ्यात खालचा वर्ग म्हणजे निषिद्धच. हॉलिवूडनेही घाबरून स्वतःचे नियम कडक केले, ते जवळजवळ १९६८ पर्यंत चालले, मग त्यांच्या जागी रेटिंग आलं. आणि आमच्या डॅलसमध्ये तर १९९७ ला सदर्न बॅप्टिस्ट लोकांचं मोठं अधिवेशन भरलं होतं, त्यात ठराव झाला की डिस्नेवर बहिष्कार घाला, कंपनीची धोरणं आणि सिनेमे कुटुंबाला धरून नाहीत म्हणून. २००५ ला तो मागे घेतला. आमच्या चर्चमधल्या एक आजी अजून ते दिवस सांगतात, कॅसेटी उचलून गॅरेजमध्ये ठेवल्या होत्या म्हणे, फेकवल्या मात्र नाहीत. नातवंडं आल्यावर निघाल्याच बाहेर.

आता बहिष्कारापेक्षा लोक याद्या वाचतात. कोलोरॅडोत फोकस ऑन द फॅमिली म्हणून मोठी ख्रिस्ती संस्था आहे, तिचं प्लग्ड इन म्हणून काम चालतं, प्रत्येक सिनेमाचं पोस्टमॉर्टेमच असतं ते. चांगल्या गोष्टी वेगळ्या, अध्यात्माचं वेगळं, मग लैंगिक काय आहे, मारामारी काय आहे, दारू-सिगरेट, शिव्या, सगळं सुटं सुटं लिहिलेलं. शिव्या तर मोजलेल्या असतात, अमुक शब्द इतक्या वेळा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं की कोण बसून मोजत असेल, पण खोटं कशाला बोलू, मी वापरते. शुक्रवारी पोरं आता हा लावूया म्हणून मागे लागली की पाच मिनिटात कळतं काय आहे त्यात. सरकारी नसलेलं पण सगळीकडे चालणारं रेटिंग पण आहेच, पीजी-१३ हे १९८४ ला आलं, म्हणजे तेराच्या आतल्यांसाठी आईबापांनी जरा बघून घ्या. गंमत अशी की त्यात ती एक इंग्रजी शिवी साधारण एकदा आली तर खपते, जास्त झाली की सहसा वरचं आर रेटिंग, पण माणसं मात्र गोळ्या घालून कितीही मारा, रक्त जास्त दिसलं नाही म्हणजे झालं.

आणि काही लोकांनी त्याच्याही पुढे जाऊन सिनेमाच गाळून द्यायच्या सर्व्हिस काढल्या, म्हणजे शिवी आली की आवाज बंद, नको तो सीन आला की उडी. २००५ चा कायदाच आहे इथे, घरच्या घरी असं गाळून बघायला परवानगी देणारा. व्हिडअँजेल म्हणून एका कंपनीला मात्र डिस्ने आणि वॉर्नरने कोर्टात खेचलं आणि २०१९ ला ज्युरीने सहा कोटी डॉलरच्या वर भरपाई लावली, कारण ते डिस्कचं कुलूप तोडून कॉपी करून दाखवत होते. आम्ही पण एकाच्या घरी असा गाळलेला सिनेमा बघितला गं. सगळी चर्चची पोरं ओळीने बसलेली, आणि दर थोड्या वेळाने आवाज गप्प. झालं काय, की पोरांनी सिनेमा सोडला आणि ओठ वाचायला लागली! आवाज गेला की माझी छोटी उठून उभी राहायची, आता तो काय म्हणाला, काय म्हणाला, आणि मागचा एक मोठा मुलगा हळूच सांगायचा. त्या संध्याकाळी तिला जेवढे शब्द कळले तेवढे शाळेच्या बसमध्ये पण कळले नसतील.

माझं म्हणणं तुला पटेल की नाही माहीत नाही पण सांगते. याद्या वाईट नाहीत, पण यादी फक्त दिसतं ते मोजते. आता आईची ती रात्री आठची मालिका घे. त्यात शिवी नाही, चुंबन नाही, सगळ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत साडीत आणि सकाळी उठल्या उठल्या दागिने. इथल्या कुठल्याही परीक्षकाने तिला एकदम स्वच्छ म्हणून पास केलं असतं. आणि आत चाललंय काय तर एक जाऊ दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळते, सासू दाराआडून ऐकते, आणि हे वर्षभर! मागच्या वेळी आलो तेव्हा छोटी आजीच्या कुशीत बसून सगळं बघायची, आणि इथे परत आल्यावर भावाशी भांडण झालं की डोळे बारीक करून मान हळू हळू वळवायची, तसंच, त्या जावेसारखं. हसून हसून पोट दुखलं आमचं, पण मनात आलंच की ही कुठली शिकवण पोचली. (हे आईला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, तिला पण हसू येईल.)

उलट आपल्या पप्पांचं आठवतं का? १९८७ ला दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि चर्चला निम्मी माणसं उशिरा. आपल्याकडे टीव्ही नव्हता, आपण दोघी उपासनेचे फ्रॉक घालून शेजारच्या काकूंच्या दारात चपलांच्या ढिगात बसायचो. पप्पा न्यायला यायचे, हातात बायबल आणि उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक, आणि ओरडायच्या ऐवजी भाग संपेपर्यंत दाराला टेकून उभे. मग चर्चच्या रस्त्याला त्यांचे प्रश्न सुरू. भरताला राज्य मिळालं होतं ना, मग तो खडावा डोक्यावर घेऊन का गेला? तू म्हणालीस वेडा होता. मग त्यांनी योनाथानाची गोष्ट काढली, राजाचा मुलगा असून आपला झगा काढून दावीदाला देणारा, आणि म्हणाले आता सांगा, हे दोघं भेटले असते तर काय बोलले असते. संडेस्कूलमध्ये मी योनाथान शंभरदा ऐकला असेन, पण लक्षात राहिला तो त्या रस्त्यावरचा.

इथे एका बाईंनी मला प्रेमानेच सांगितलं की भारतातली देवादिकांची कार्टून्स पोरांना अजिबात दाखवू नकोस, मूर्तिपूजा शिरते. मी हो हो म्हटलं. पण आपण नगरचे. आपले कवी ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि आपल्याच गावातून १८४२ ला ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, म्हणजे छापखाना तेव्हा नवीन होता तर आपल्या लोकांनी तो सैतानाचा म्हणून टाकला नाही, खिळे जुळवायला बसले. हे त्या बाईंना कसं समजावणार, म्हणून चहा प्यायला आणि घरी आले.

तर आमच्या घरात काय चालतं ते सांगते, आदर्श वगैरे काही नाही. टीव्ही हॉलमध्येच, खोलीत नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो ती सेटिंग बंद, हे मात्र आजच कर, अर्धी भांडणं त्यानेच मिटतात. रात्री सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे आमचे पण, आणि हे ह्यांना सगळ्यात जड गेलं कारण आयपीएलचा स्कोअर. मोठ्याला अजून इन्स्टा नाही, तेराच्या आत त्यांच्याच नियमात बसत नाही आणि तेरा झाल्यावर पण मी लगेच देणार नाहीये. ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आत सोशल मीडियाचं अकाउंटच नाही, कायद्याने, आणि दंड पोरांना किंवा आईबापाला नाही, कंपन्यांना. मोठ्याने ती बातमी वाचून मला विचारलं, आई तू हे ऐकलं नाहीस ना? ऐकलंय म्हटलं.

बाकी पौलाचं फिलिप्पैकरांचं चौथ्या अध्यायातलं आठवं वचन आहे ना, जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा, ते फ्रीजवर लावलंय. पण ते मी पोरांना थांबवायला वापरत नाही. सिनेमा झाला की प्रत्येकाने त्यातलं एक सांगायचं, खरं काय होतं आणि कुठे आपल्याला बनवलं. मोठा इतकं नीट सांगतो कधी कधी की मीच गप्प बसते, आणि कधी कधी नुसतं बोअर होतं म्हणून उठून जातो. चालायचंच.

आता सोन्याचं. तो चौदाचा आहे, ताई. मोबाईल परत दे, पण दाजींनी स्वतःच्या हाताने द्यायचा, आणि त्या आधी दाजींनी त्याच्या शेजारी बसून ती गोळीबाराची गेम एक डाव खेळायची. हसू नकोस. हरतील, हरू देत. कोणाबरोबर खेळतो, कानाला लावून कोणाशी बोलतो, समोरचे काय भाषेत बोलतात हे त्या एका डावात जेवढं कळेल तेवढं कपाटाला कुलूप लावून कळणार नाही. मग वेळ ठरवा, त्यालाच ठरवू दे आधी, तो जास्त सांगेल, तुम्ही कमी करा, भाजीवालीशी करतेस तसं. रात्री मोबाईल बाहेर. आणि रील्स काय बघतोस ते मला दाखव म्हणून तू एकदा त्याच्या शेजारी बस, टीका न करता, निम्मी तर क्रिकेट आणि कुत्र्याची निघतील बघ.

आणि एक, जरा हळू सांगते. जेवताना दाजींचा न्यूज चॅनेल चालू असतो, सहा माणसं एकावेळी ओरडत असतात, कोण देशद्रोही कोण काय. ते पण बघणंच आहे ना गं? सोन्या तेच ऐकत जेवतो वर्षानुवर्षं. त्याचा मोबाईल कपाटात आणि आपला रिमोट हातात, हे चौदा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. तू सांगितलंस तर चिडतील, मी सांगितलं तर मेहुणी म्हणून हसण्यावारी नेतील, म्हणून पत्राचा हा भाग त्यांनाच वाचायला दे.

पाळक साहेबांवर रागवू नकोस. तरुण संघातल्या पोरांचं काय चाललंय ते त्यांना रोज दिसतं, काळजीनेच बोलले असतील. जमलं तर नाताळच्या आधी आईबापांची एक बैठक लाव म्हणावं, संदेश नको, नुसतं बोलायला.

आम्ही २० डिसेंबरला पोचतोय. आठची मालिका मी बंद करणार नाही, आईचा तो एकच तास असतो. छोटीला शेजारी बसवणार आणि जाहिराती लागल्या की आजीला विचारायला लावणार, ही बाई अशी का वागते. आई उत्तर देईल बघ, आणि ते मालिकेपेक्षा लांबेल.

सोन्याला सांग मावशी त्याच्यासाठी बूट घेऊन येतेय, साइज मात्र त्यानेच मला लिहून पाठवायचा. आणि तू उत्तर टाईप कर गं, व्हॉइस नको, ऑफिसात ऐकता येत नाही.

तुझीच,
धाकटी