ओमच्या औषधाच्या चाचणीचे पैसे घ्यायचे का?

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

बाबा, ओमला परळला नव्या औषधाच्या चाचणीत घातलं आणि त्याचे पैसे घेतले तर नातू भाड्याने दिल्यासारखं होईल, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला विचाराल तर जरूर घ्या. फक्त ते कशाचे आहेत हे आधी बघा.

कल्याणहून परळला यायचं म्हणजे लोकल, पुढे टॅक्सी, बाहेरचं खाणं आणि वहिनीचा कामावरचा खाडा. दर फेरीला एवढं मिळालंच पाहिजे. नाहीतर हातावर पोट असणाऱ्यांना पदरमोड करावी लागते, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. ओमला रंगपेटी, पुस्तक दिलं तरी हरकत नाही. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांप्रमाणे पालकांना भुरळ पडेल इतकी रक्कम चालत नाही. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, हे एथिक्स कमिटीने, म्हणजे चाचणीत भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीने, आधीच मंजूर केलेलं असतं.

गोची होते ती 'सगळ्या फेऱ्या झाल्यावर एकरकमी' या अटीत. मग पोराला रात्री धाप लागली तरी घरचे डॉक्टरांना सांगत नाहीत. चाचणीतून काढलं तर पैसे बुडतील ना! कोणी दुसऱ्या दवाखान्याचं औषध लपवतं, कोणी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घालतं. पोराच्या जिवाशी खेळ आणि आकडेही खोटे. म्हणून पैसे फेरीगणिक मिळावेत आणि मध्येच सोडलं तरी आधीचे कोणी परत मागू नयेत. धोका जास्त म्हणून रक्कम जास्त, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर त्या पानाचा फोटो मला लगेच पाठवा.

औषधाने काही बिघडलं तर फुकट उपचार आणि भरपाई औषध चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार वेगळी मिळते. ती या पैशांतून वळती करता येत नाही.

संमतीपत्रावर सही ओमचे आई-वडील म्हणून दादा-वहिनीचीच लागेल, आजोबांची चालायची नाही. शिवाय ओमचा स्वतःचा होकार हवा: ७ ते १२ वयाला तोंडी, पुढे १८ पर्यंत लेखी. आई, हे खास तुझ्यासाठी: त्याला विचारताना रंगपेटीचं नाव काढू नकोस. सुई कितीदा, नळीत फुंकायचं कसं, शाळा किती बुडेल, एवढंच सांग. नको म्हणाला तर नको.

चाचणीचं माहितीपत्रक मराठीतलं मागून घरी आणा. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. शनिवारी मी येतेय, तोवर सही थांबवा.

तुमची,
नीता