यंदा आंब्याची पेटी पाठवा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "यंदा आम्ही आंबा तोंडाला लावलेला नाही." त्यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला घेतलं. डावा हात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला आहे, उजवा मोकळा. अजून दोन तास आहेत.

आई, तू आंबा सोडलास, शहाळं सोडलंस, सोमवार धरलेस. बाबा, लोक माझी चौकशी करतात म्हणून तुम्ही सकाळचं बाजारात जाणं बंद केलंत. किडन्या माझ्या गेल्या आणि चव तुमच्या घरातली गेली. हे मला डायलिसिसपेक्षा जड जातं.

त्रास होत नाही असं नाही. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. सुया अजून दुखतात. शेवटच्या तासात कधी पोटरीत गोळा येतो, कधी बीपी उतरतं. घरी पोचायला रात्रीचे दहा होतात आणि मी न जेवताच झोपते. पाणी दिवसाला लिटरभर, त्यात चहा-आमटीही धरायची. आणि या चार तासांत मशीनच्या गाळणीच्या पलीकडून, माझ्या रक्ताशेजारून, सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी वाहून जातं. तहान फार झाली की बर्फाचा एक खडा तोंडात धरते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दहावीच्या वर्गात भूमितीचं प्रमेय शिकवत असते. दोन वर्षांत डायलिसिस एकदाही चुकवलेलं नाही, आणि वर्गही नाही चुकवत.

आई, मागच्या खेपेला तू माझ्या डाव्या हाताकडे बघायचं टाळलंस. तिथे धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या आहेत, फिस्चुला म्हणतात त्याला. रक्त इतक्या जोरात वाहतं की बोट ठेवलं तर भुंग्यासारखी गुणगुण लागते. रोज उठल्यावर मी आधी तिथे बोट ठेवते. गुणगुण चालू आहे, म्हणजे आजचा दिवस माझा. पुढच्या वेळी तूही हात ठेवून बघ. त्या हातात बांगड्या नाहीत म्हणून रडू नकोस, त्या हाताला दाब चालत नाही एवढंच. उजव्या हातात भरते की.

तुझी किडनी मला चालली नाही हे तू अजून मनातून काढलेलं नाहीस. तुला साखर आहे, त्यात तुझा काय दोष? डॉक्टरांनी सगळं सांगून व्हायच्या आधीच तू म्हणालीस, "माझी घ्या." त्या दोन शब्दांच्या जोरावर मी किती रात्री काढल्या ते तुला ठाऊक नाही. किडनी मिळण्याच्या यादीत माझं नाव आहे. फोन उद्या येईल किंवा काही वर्षांनी, मी दोन्हीची तयारी ठेवली आहे.

बाबा, 1977 ची निवडणूक तुमच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. त्यातली एक गोष्ट मात्र मला अलीकडे वाचून कळली. 1975 मध्ये अटकेत असताना जयप्रकाशजींच्या, म्हणजे जयप्रकाश नारायणांच्या, किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून 1979 मध्ये जाईपर्यंत ते डायलिसिसवर होते. सुरुवात झाली ती मुंबईत, जसलोक हॉस्पिटलमध्ये. म्हणजे तुम्ही ज्यांच्यासाठी कॉलेज सोडून गावोगाव फिरलात, विरोधी पक्षांची मोट बांधणारा तो माणूस माझ्यासारखाच मशीनला लागत होता, तोही सत्तरी ओलांडल्यावर. रक्त वाढवण्यासाठी मला जे इंजेक्शन मिळतं, ते तेव्हा नव्हतंसुद्धा. हे वाचलं त्या दिवशी मी फार वेळ तुमचाच विचार करत होते. तुम्ही त्यांच्याविषयी सांगताना कधी कीव केली नाहीत. मला तसंच बघा.

तर बाजारात जायला लागा. कोणी विचारलं तर सांगा, लेक डायलिसिसवर आहे आणि शाळेत शिकवते आहे. दोन्ही खरं आहे.

आता मुख्य काम. आमच्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आंब्यातलं जे पोटॅशियम माझ्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत, ते रक्तात आटोक्यात असेल तर मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात आंब्याची एक फोड चालेल, पुढच्या तीन तासांत मशीन ते काढून टाकतं. या महिन्याचे रिपोर्ट चांगले आलेत. तेव्हा विहिरीजवळच्या कलमाची एक पेटी पाठवा. एक फोड माझी, बाकी इथल्या सिस्टरना आणि शाळेत. पण आधी तुम्ही दोघांनी खायचा, आणि यंदा गोड कसा निघाला ते आईने रविवारी फोनवर सांगायचं.

तुमची,
बाय