टीच ग्रँट : सही करण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत शिक्षक व्हायला निघालेल्या आपल्या मुलांसाठी (आणि चाळिशीत शाळेकडे वळणाऱ्या आयांसाठीही) आठवण. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, परकीय भाषा अशा टंचाईच्या विषयांसाठी केंद्र सरकारची टीच ग्रँट आहे, वर्षाला कमाल ४,००० डॉलर. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. एच-४ वर (एच-१बी व्हिसावाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर) मिळत नाही. आधी फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरा. कॉलेज योजनेत आहे का तेही विचारा, सगळी नसतात.

खरी मेख करारात आहे. शिक्षण संपल्यावर ८ वर्षांत ४ वर्षं, गरीब वस्तीतल्या यादीतल्या शाळेत, टंचाईचाच विषय शिकवावा लागतो. नाही जमलं, तर अनुदानाचं कर्ज होतं आणि व्याज पैसे मिळाल्या दिवसापासून! लग्न-बदलीने गाव सुटणार असेल, तर तिथल्या शाळांची यादी आधी बघा.