बाबा, लाल शाईचे पेन काढून ठेवा

कर्वेनगर, पुणे

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात आईने फोनवर विचारले, की कादंबरी लिहून झाली असे होळीच्या सुमारास म्हणाली होतीस, आता गणपती तोंडावर आले, मग रोज दार लावून बसतेस ती कशासाठी? नेमकी तेव्हाच तांबूच्या औषधाची वेळ झाली होती आणि उत्तर अर्धवट राहिले. प्रश्नामागची काळजी मला समजते. नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी, सोबतीला एक म्हातारा कुत्रा आणि दोन मांजरे, हे चित्र वाईहून कसे दिसत असेल याची मला कल्पना आहे. म्हणून निवांत बसून सविस्तर लिहीत आहे.

होळीला पूर्ण झाला तो पहिला खर्डा. पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराविषयी वाचनालयांत बसून आणि जुन्या माणसांकडून ऐकून जे जे मला कळले होते, ते सगळे मी त्यात घातले होते. धरणाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले, पाणी सोडण्याच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये पोलादी सळ्या नव्हत्या, माती खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि पुढे चौकशीसाठी बावडेकर आयोग व त्यानंतर नाईक आयोग नेमला गेला, हा सगळा भाग तपशिलाने आला होता. आता वाचताना माझ्या लक्षात येते, की शनिवार पेठेतल्या वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला १२ जुलै १९६१ च्या सकाळी यातले काहीही ठाऊक नव्हते. तिच्या डोळ्यांनी गोष्ट सांगायची असे ठरवले असेल, तर आयोगाची पाने तिच्या हातात देता येत नाहीत. ती पाने मी काढून टाकली. पोत्यांचे एक वाक्य तेवढे ठेवले, कारण त्या जवानांच्या श्रमांमुळे धरण रात्री न फुटता सकाळपर्यंत तग धरून राहिले आणि पाणी शहरात दिवसाउजेडी आले, म्हणून असंख्य माणसे वाचली. ती मुलगी जगते त्याचे कारणच ते आहे, आणि हे कारण तिला मोठेपणी कळते.

दार लावून चालते ते हे काम. खरे लेखन आता चालले आहे असे मला मनापासून वाटते. पहिल्या खर्ड्यात मी गोष्ट स्वतःला सांगत होते. ती वाचणाऱ्याच्या हाती देण्याजोगी होते ती या महिन्यांत. कधी पूर्ण दिवसात एकच पान पुढे सरकते, आणि त्या दिवशीही मी जेवायला समाधानाने बसते.

कामाची रीत मी तुमच्याकडूनच घेतली आहे. बाबा छापखान्यातून गॅली-प्रुफे घरी आणत, आई स्वयंपाक आटोपून मूळ प्रत घेऊन समोर बसे आणि मोठ्याने वाची, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘अवतरणचिन्ह पुरे’, ‘नवा परिच्छेद’ हेसुद्धा त्याच सुरात वाची, आणि बाबांची लाल रेघ समासात कुठे ना कुठे उमटे. मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करताना ते ऐकत असे. डोळा जे सोडून देतो ते कान पकडतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक प्रकरण मी छापून घेते आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते.

ऐकायला तांबू असतो. त्याचे वय झाले आहे, मागचे पाय आखडतात, आणि डॉक्टरांनी जिना चढउतार बंद करायला सांगितल्यापासून तो माझ्या टेबलाखालच्या गोधडीवरच पडून असतो. (आईची जुनी हिरव्या काठांची गोधडी ती हीच, तो दुसरीवर झोपत नाही.) मी एका लयीत वाचत असले की तो गाढ झोपतो. मी अडखळले, एखादे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचले, की त्याचा कान आधी हलतो आणि मग मान वर होते. त्याला अर्थ कळत नाही हे मी जाणते. आवाज थांबला म्हणून तो पाहतो. पण माझा आवाज जिथे थांबतो तिथे बहुतेक वेळा वाक्यातच काहीतरी अडलेले असते, आणि ते मला स्वतःला उमगण्याच्या आधी त्याच्या मानेवरून कळते. त्या ठिकाणी मी समासात फुली करते आणि पुढे जाते. दुसऱ्या दिवशीचे काम म्हणजे त्या फुल्या.

ठमी मांजर आणि तिचा मुलगा गुंड्या यांचा कामाशी असा संबंध नाही. मुद्रणयंत्रातून निघालेले कागद थोडा वेळ उबदार असतात आणि पावसाळ्यात ठमीला तेवढी ऊब पुरते, त्यामुळे ताज्या प्रकरणावर ती आधी बसते आणि ती उठेपर्यंत मी जुन्या पानांवर काम करते. पहाटे पाचला दोघे मला उठवतात. तेव्हापासून आठपर्यंतचा वेळ माझ्या लिहिण्याचा सर्वांत चांगला वेळ झाला आहे, आणि तो त्यांनी मला दिला असे मी मानते.

आता ज्या प्रकरणासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, त्याविषयी. बाबांनी पुराबद्दल आम्हाला फार कधी सांगितले नाही. जे सांगितले त्यात एक गोष्ट अशी होती, की पाणी बोळाच्या तोंडाशी आले तेव्हा आजी सगळ्या मुलांना पुढे काढून स्वतः गोठ्याकडे वळली आणि तिने कपिलेचे दावे सोडले. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग मी मोठ्या आवेशात लिहिला होता. गाय हंबरत होती, दाव्याला हिसके देत होती, आणि दावे सुटताच उधळून बोळातून निघून गेली. वाचणाऱ्या दोघा मित्रांना तो आवडलाही होता.

जूनमध्ये एका दुपारी जोराचा वळीव आला आणि वीज अगदी जवळ कुठेतरी पडली. गुंड्या खिडकीच्या गजांशी होता. पळून जायला त्याला घरभर जागा होती, तरी तो जागचा हलला नाही. अंग चोरून, चारही पाय एकत्र घेऊन, कातडी थरथरत असलेल्या अवस्थेत तो तसाच बसून राहिला, तोंडातून आवाज नाही, आणि मी जवळ जाऊन हात लावला तेव्हा त्याचे अंग लाकडासारखे ताठ होते. तांबूही असाच टेबलाखाली निःशब्द होता. मी त्यांच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, आणि मला गोठ्यातली कपिला डोळ्यांसमोर दिसू लागली.

आता ते प्रकरण असे आहे. गाय हंबरत नाही. आजी गुडघाभर पाण्यात वाकते, गाठ भिजून घट्ट झालेली असते, ती नखांनी सोडवते, दावे खाली पडते, आणि गाय उभीच राहते. रोज ज्या खुंट्याशी ती उभी राहिली त्याच्यापाशी ती दावे नसतानाही बांधल्यासारखी उभी. आजी तिच्या पाठीवर थाप मारते, ढकलते, शेवटी पदराने डोळे पुसून वाट धरते. पुढे काय झाले ते मुलीला दिसत नाही, कारण तिला पर्वतीच्या दिशेने ओढून नेलेले असते, म्हणून वाचणाऱ्यालाही दिसत नाही. या दीड पानावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले आहेत आणि तेच या पुस्तकाचे काळीज आहे.

बाबा, मला तुमच्याकडून जाणून घ्यायचे आहे, की कपिला परत आली का. ते कादंबरीत येणार नाही. मुलीला माहीत नाही ते तसेच राहील. पण मला स्वतःला ठाऊक असल्याशिवाय ते दीड पान मी पक्के म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. सांगणे जड जाणार असेल तर आईजवळ सांगा, ती मला लिहील.

बाकी संध्याकाळी तांबूला हळूहळू नदीकाठच्या रस्त्यापर्यंत नेते. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि माणसे काठावर उभी राहून ते पाहतात. ज्यांनी पानशेत पाहिले ती पिढी त्या गर्दीत आता क्वचित दिसते. पाण्याचा रंग, त्यावरून वाहत येणारी जलपर्णी, ओल्या मातीचा वास यांची टिपणे मी तिथे उभ्या उभ्या करते, आणि तांबू तोवर विसावा घेतो.

एक काम मात्र बाबांशिवाय कोणीच करू शकणार नाही. कादंबरीत आजोबांनी पुरानंतर मुंबईहून लिहिलेली तीन पत्रे आहेत. न उच्चारले जाणारे अनुस्वार गाळणारे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ साली, आणि ही पत्रे आहेत त्याच्या आदल्या वर्षीची. म्हणजे आजोबा ‘घरीं’, ‘नाहीं’, ‘काळजी करूं नये’ असेच लिहिणार. मी जुनी पुस्तके समोर ठेवून अनुस्वार दिले आहेत, तथापि तुम्ही त्या अनुस्वारांच्या शाळेत शिकलात आणि पुढे तेच अनुस्वार खिळ्यांच्या छपाईत काढून टाकण्यात तुमची उमेद गेली. कुठे द्यायचा राहिला आणि कुठे उगाच पडला, हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही. तसेच ११ जुलैच्या रात्रीचा प्रसंग पाहा. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, म्हणून मी तिथे चंद्र येऊ दिलेला नाही. वाड्यात तेव्हा विजेचा दिवा होता की कंदील, तेवढे तुम्ही सांगा.

संपूर्ण प्रत सोमवारी कुरिअरने पाठवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून फार दिवस झाले नाहीत, म्हणून अक्षर मोठे ठेवले आहे आणि दोन ओळींत अंतर सोडले आहे. बाबांनी एका बैठकीत दहा पानांहून अधिक पाहू नये. आई, तुझा आवाज ठीक असेल तर तू पूर्वीसारखी मूळ प्रत वाच आणि बाबांना नुसते ऐकून खुणा करू दे. विरामचिन्हेही वाचावीस, माझे स्वल्पविराम जास्त होतात. जिथे तुला वाचायला कंटाळा येईल त्या पानाचा कोपरा दुमडून ठेव, मला कारण सांगितले नाहीस तरी चालेल. कोणाची मर्जी राखण्यासाठी काही बरे म्हणू नका. प्रकाशकाकडे प्रत दिवाळीनंतर जायची आहे आणि तोवर सगळे बदलता येते.

शेजारच्या काकू चार दिवस तांबूला आणि मांजरांना सांभाळायला तयार आहेत. गौरी-विसर्जन झाले की मी वाईला येते, तेव्हा आपण तिघे मिळून खुणा पाहू. आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे, आणि बाबांनी डोळ्यांत थेंब घालायचे चुकवू नये.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
नीलू

ता. क. : पार्सलात प्रकरण आठची पहिली दोन पाने चुरगळलेली दिसतील. ठमी त्यांवर झोपली होती. मजकूर तोच आहे, वाचायला अडचण येणार नाही.