लहान खेळणी उत्पादकांसाठी नाशिकमध्ये सामायिक चाचणी केंद्र हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारने 25 फेब्रुवारी 2020 रोजी खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश काढला आणि 1 जानेवारी 2021 पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून केलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्या कक्षेत येते आणि तिच्यावर आयएसआय चिन्ह असल्याशिवाय ती बनवता किंवा विकता येत नाही. नाशिकमध्ये लाकडी आणि कापडी खेळणी तयार करण्याच्या व्यवसायात मी आहे. हा आदेश रद्द करावा किंवा सैल करावा अशी माझी मागणी नाही. मात्र सुरक्षिततेची तपासणी कोणत्या टप्प्यावर आणि कोणी करावी याचा फेरविचार झाला नाही तर लहान उत्पादक या व्यवसायातून बाहेर पडतील.

आदेशामागचे कारण खरे होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने 2019 मध्ये दिल्ली परिसरातील बाजारांतून आयात खेळण्यांचे 121 प्रकार घेऊन तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे 67 टक्के चाचणीत नापास झाले. शिसे मुलाच्या शरीरात गेले तर त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. रांगते मूल हाती लागलेली वस्तू आधी तोंडात घालते, म्हणून खुळखुळ्याचा रंग आणि बाहुलीच्या डोळ्याचा मणी हे दोन्ही विषय गंभीरपणेच घ्यायला हवेत.

बिगरविद्युत खेळण्यांसाठी असलेले आयएस 9873 हे मानक अनेक भागांत विभागलेले आहे. पहिला भाग खेळण्याची मजबुती, टोके, कडा आणि सुटणारे लहान भाग यांच्याविषयी आहे, दुसरा ज्वलनशीलतेविषयी, तर तिसरा रंगातून व अन्य पदार्थांतून शिसे, कॅडमियम, पारा यांसारखी मूलद्रव्ये किती प्रमाणात बाहेर पडतात त्याविषयी. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून घालण्यात येणाऱ्या थॅलेट संयुगांसाठी वेगळा भाग आहे. परवाना उत्पादनाच्या जागेसाठी मिळतो, नमुन्यांची चाचणी करून घ्यावी लागते आणि तपासणीची सोय उत्पादकाकडेच असावी अशी अपेक्षा असते. सूक्ष्म उद्योगांना स्वतःच्या प्रयोगशाळेतून काही काळाची सवलत आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोने दिली, ती उपयोगी ठरली. पण ती मुदतीची सवलत आहे, व्यवस्था नव्हे.

अडचण खर्चाच्या विभागणीत आहे. ज्या कारखान्यातून एकाच साच्याचे लाखभर नग निघतात, त्याच्या दृष्टीने चाचणीचे शुल्क प्रत्येक नगामागे नगण्य ठरते. आमच्यासारखे लोक पोळ्याला बैल, उन्हाळ्याच्या सुट्टीत भोवरे आणि भिंगऱ्या, दिवाळीच्या आधी भातुकली आणि बाहुल्या करतात. प्रत्येक प्रकार थोड्या संख्येने होतो, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंग व आकार पुढच्या खेपेला बदलतो. तेवढेच शुल्क या थोडक्या नगांवर चढले की खेळण्याची किंमत दुप्पट करावी लागते, नाहीतर तो प्रकारच बंद करावा लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत बचत गटांतील महिलांनी बांबूची किंवा कापडाची खेळणी करून विकायचे ठरवले, तर त्यांनाही याच वाटेने जावे लागेल. 2016 च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात उल्लंघनासाठी किमान दोन लाख रुपये दंडाची आणि कारावासाचीही तरतूद करण्यात आली. ती नफेखोर आयातदाराला जरब बसवण्यासाठी योग्य असेल, पण गटाची वर्षाची उलाढालच जिथे त्याच्या आसपास असते तिथे ती काम सुरू होण्यापूर्वीच थांबवते.

येथे धोक्याचे दोन प्रकार वेगळे करून पाहण्याची गरज आहे. पहिला धोका रासायनिक, आणि तो खेळणी करणाऱ्याच्या हातून निर्माण होत नाही. तो रंगाच्या डब्यातून, प्लॅस्टिकच्या दाण्यातून, चकचकीत बटणाच्या मुलाम्यातून येतो. कातारी लाकूड कातून त्यावर रंग चढवतो, पण त्या रंगात शिसे आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी कळू शकत नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम 2016 मध्ये झाला आणि 2017 पासून लागू झाला. तरी सुटा, बिनलेबलचा रंग वापरणाऱ्या कारागिराला या नियमाचे संरक्षण मिळत नाही. दुसरा धोका घडणीचा: सुटलेला मणी, निघालेले चाक, उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलेला भरावाचा कापूस. तो मात्र पूर्णपणे करणाऱ्याच्या हातातला आहे आणि तो तपासण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटणारा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या प्रमाणित नळकांड्यात पूर्ण मावला तर तो गिळला जाण्याचा धोका आहे असे मानतात. हे नळकांडे आणि ओढ मोजणारा साधा ताणकाटा प्रत्येक कार्यशाळेत ठेवता येईल, आणि ते वापरायचे कसे हे एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येईल.

म्हणून रासायनिक चाचणी रंग, लाख, कापड, मणी आणि बटणे पुरवणाऱ्याच्या पातळीवर व्हावी, आणि त्याने दिलेला दाखला खेळणी करणाऱ्याला पुढे वापरता यावा. अमेरिकेने हाच मार्ग काही प्रमाणात धरला आहे. शिसेयुक्त रंगामुळे 2007 मध्ये तेथे लाखो खेळणी परत मागवावी लागली आणि 2008 मध्ये कठोर कायदा झाला. त्यात घरगुती उत्पादकही भरडले जात आहेत हे लक्षात आल्यावर 2011 मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या आणि एका वस्तूचे 7,500 पर्यंतच नग करणाऱ्या उत्पादकांना काही त्रयस्थ (बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेतल्या) चाचण्यांतून मोकळीक मिळाली. रंगातील शिसे आणि लहान भाग यांच्या चाचण्यांतून मात्र कोणालाही सूट दिलेली नाही. सुट्या घटकांच्या चाचणीचे दाखले तेथे ग्राह्य धरले जातात, आणि प्रक्रिया न केलेले लाकूड किंवा सुती कापड यांची शिशासाठी पुन्हा पुन्हा चाचणी करावी लागत नाही. आपल्या परिस्थितीला साजेसे बदल करून हे तत्त्व येथे आणणे अवघड नाही.

आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये दुरुस्ती होऊन हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांची खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनांचे नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्ते यांना आदेशातून वगळण्यात आले. कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातील कोंडापल्ली अशा लाकडी खेळण्यांच्या परंपरांना त्याने दिलासा मिळाला आणि तो योग्यच आहे. तरीही ही सूट मला अपुरी वाटते, कारण ती खेळण्याकडे न पाहता करणाऱ्याच्या ओळखपत्राकडे पाहते. नोंदणी असलेल्या आणि नसलेल्या दोघांनी एकाच दुकानातून एकच रंग आणला, तर मुलाच्या तोंडात जाणारा पदार्थ एकच असतो. शिवाय कापडी बाहुल्या किंवा बालवाडीसाठी लाकडी ठोकळे करणारी बाई कोणत्याही मान्य पारंपरिक कलेत बसत नाही, त्यामुळे तिला ना सूट मिळते ना परवाना परवडतो. दुकानदारही या फरकात पडू इच्छित नाहीत. चिन्ह नसलेला माल ते सरळ नाकारतात.

नाशिकमध्ये यावर उपाय करण्याची ताकद आहे. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत मोजमाप आणि गुणवत्ता तपासणीचे काम जाणणारी माणसे आहेत, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेत तसेच राज्याच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. जिल्हा उद्योग केंद्राने पुढाकार घेऊन खेळणी, पाळणे, दुपटी अशा बालोपयोगी वस्तू करणाऱ्यांची नोंद करावी, त्यांचा समूह बांधावा आणि ब्युरोची मान्यता मिळेल अशी चाचणीची सोय एका छताखाली उभी करावी. याच केंद्रातून लहान डब्यांत तपासलेले रंग आणि लाख विकत मिळाली, तर निम्मा प्रश्न सुटेल, कारण आज पाच लिटरचा दाखल्यासह मिळणारा डबा घेण्याची अनेकांची ऐपत नाही आणि गरजही नाही.

2027 मध्ये सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या आहेत. रामकुंड आणि पंचवटीच्या रस्त्यांवर मुलांसाठी खेळणी घेणारे भाविक लाखोंनी येतील. त्यांच्या हातात नाशिकमध्ये तयार झालेले, तपासलेल्या रंगाचे खेळणे पडायचे असेल तर समूहाची नोंदणी आणि केंद्राचा प्रस्ताव ही कामे जिल्हा उद्योग केंद्राने आताच हाती घ्यावीत, आणि घटकांच्या दाखल्याचा मुद्दा आपल्या लोकप्रतिनिधींनी केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयापुढे मांडावा, ही विनंती.

आपली,
एक खेळणी उत्पादक, नाशिक